रोहण्याहून कधीच न उडालेलं विमान

निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळीत मी माळा साफ करायला काढला, तेव्हा मुलाच्या कॉलेजच्या पुस्तकांखाली एक न उघडलेला खोका सापडला. खोक्यावर ढगांतून वळण घेणाऱ्या जुन्या लढाऊ विमानाचं चित्र होतं. स्पिटफायर, इंग्रजांचं. मुलगा हैदराबादला असतो, त्याला फोन केला. आपण असं काही विकत घेतलं होतं हेही त्याला धड आठवेना. देऊन टाक कुणाला तरी, म्हणाला. मी दिलं नाही. सगळी उमर शाळेत इतिहास शिकवण्यात घालवलेल्या बाईच्या हातात दुसरं महायुद्ध सुट्या भागांत येऊन पडलं, तर ती ते सहजासहजी सोडत नाही.

आत करड्या प्लास्टिकच्या जाळ्या होत्या आणि विमानाचे भाग त्यांना कैऱ्यांसारखे लटकलेले होते. ते कापायचे, कडा बारीक पॉलिशपेपरनं घासायच्या, जुळवून पाहायचे आणि मग चिकटवायचे. सगळं मिळून वीतभर पंखांचं विमान, खऱ्याच्या अठ्ठेचाळीस पट लहान. पहिलं मी पार बिघडवलं. वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला आणि एक पंख दुसऱ्यापेक्षा वर राहिला. हे विमान बसस्टँडवर हात दाखवून बस थांबवतंय असं दिसतं, असं नवरा म्हणाला. पण मला गोडी लागली होती. हात गुंतलेले असतात तेव्हा डोकं किती शांत होतं, हे मला पोळ्या लाटताना कधी कळलं नव्हतं.

शिकण्यासाठी मी इंटरनेटवर लोकांची विमानं पाहायला लागले. त्यात एक गंमत दिसली. काही लोक विमान खऱ्या इतिहासाप्रमाणे रंगवत नाहीत. एखादं राज्य बुडालंच नसतं तर, एखादा तह झालाच नसता तर, असं काहीतरी धरून त्या राज्याच्या रंगांत, त्याच्या चिन्हांसकट विमान रंगवतात. इतिहासात जर-तरला जागा नसते, हे वाक्य मी दरवर्षी नवव्या वर्गात पहिल्याच तासाला सांगत आले होते. आता वर्ग नव्हता, परीक्षा नव्हती, मुख्याध्यापक नव्हते. मी दुसरं स्पिटफायर मागवलं.

माझं राज्य ठरलेलंच होतं. नागपूरच्या शेवटच्या राजाला मूल नव्हतं. त्याच्यामागे राजघराण्यानं दत्तक घेतला, तो इंग्रजांनी मानला नाही आणि राज्य खालसा केलं. ह्यातली मी एकच गोष्ट बदलली: दत्तक मान्य झाला. बाकी सगळं मग ओळीनं घडत गेलं. राज्य टिकलं, कापसाची रेल्वे आली, महायुद्ध आलं, आणि नागपूरच्या दरबारानं वर्ध्याच्या कापसाच्या गाठी विलायतेला पाठवून बदल्यात विमानं आणली. इतिहास शिकवणारी बाई म्हणून माझी शिस्त अशी की खोटं एकदाच बोलायचं, त्यानंतर सगळं खरं वाटलं पाहिजे.

विमान अर्धं जोडून झालं होतं तेव्हा मोठेबाबा आमच्याकडे वर्ध्याला राहायला आले.

मोठेबाबा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. माझी मुलं त्यांना मोठेबाबा म्हणतात म्हणून मीही मनात तेच म्हणते. मनात, कारण तोंडानं त्यांना हाक मारायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. रोहणा हे सासरचं गाव, तिथे त्यांची शेती, थोडी संत्र्याची बाग. आमच्याकडे जुन्या घरांत रीत अशी की भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं डोक्यावर पदर घेऊन वावरायचं आणि दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. मी नोकरी केली, स्कूटर चालवली, पदर कधीचाच सुटला, पण बोलणं काही सुरू झालं नाही. त्यात राग नव्हता की कडकपणा नव्हता. सुरुवात कुणी आणि कशी करायची, हेच दोघांना कळत नव्हतं. ते जेवताना नवऱ्याला म्हणायचे, भाजी चांगली झाली म्हणा. मी नवऱ्याला म्हणायचे, अजून घ्या म्हणावं. वाढणारी मी आणि जेवणारे ते समोरासमोर असायचो.

त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्ध्यात झालं. दुसरा डोळा काही आठवड्यांनी करायचा होता. डॉक्टरांनी वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही असं सांगितलं. वाकणं, उचलणं आणि धूळ सोडून शेतात दुसरं काय असतं? म्हणून ते ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या जेवणाच्या टेबलाजवळ काळा चष्मा लावून बसून राहिले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझं विमान होतं.

पहिले काही दिवस ते नुसते पाहायचे. मी चिमट्यानं एखादा तुकडा उचलला की त्यांचा चष्मा माझ्या हाताबरोबर फिरायचा. मग एका दुपारी त्यांनी पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला विचारलं, "तिले विचार, हे विमान कोनत्या गावचं होय?"

नवऱ्यानं पेपरमधून डोकं न काढता तो प्रश्न माझ्याकडे सरकवला. मी नवऱ्याला नागपूरच्या राज्याची सगळी गोष्ट सांगितली, म्हणजे मोठेबाबांना ऐकू जाईल अशी. मग त्यांनी नवऱ्यामार्फत विचारलं की विमान उतरत कुठे असेल. मी म्हटलं, वर्ध्याला, रेल्वेजवळ. ते त्यांना पटलं नाही. वर्ध्याला मोकळी जागा कुठली, रोहण्याचं गायरान कसं पाटासारखं सपाट आहे. पुढचे दोन दिवस टेबलावर विमानतळाचा वाद चालला आणि नवरा बिचारा टपालवाल्यासारखा निरोप पोचवत राहिला. शेवटी मी हरले. दरबाराचा विमानतळ रोहण्याला मंजूर झाला.

मग वैमानिक कोण, हा प्रश्न आला. तो त्यांनी स्वतःच सोडवला: "आपला बुढा." म्हणजे माझे सासरे. ते मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले होते, मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. नवऱ्यानं हे ऐकलं आणि पेपर खाली ठेवून हसायला लागला. त्यांचे वडील जत्रेतल्या आकाशपाळण्याला इतके भ्यायचे की पोरं वर गेली की ते खाली डोळे मिटून उभे राहायचे. मोठेबाबाही हसले. वरून खाली पाहायची भीती वाटते ना, म्हणाले, मग विमानात वरच पाहायचं. त्या दुपारी दोघा भावांनी वडिलांच्या गोष्टी काढल्या. बंडीत कापूस भरून आर्वीच्या बाजाराला जाताना ते बैलांशी कसे भांडायचे, घरात कुणाला ताप आला की आधी स्वतःच कसे झोपायचे. मी हातातला तुकडा घासत ऐकत होते. इतकी वर्षं त्या घरात राहून मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

एकदा विमानाचं शेपटाकडचं चाक माझ्या चिमट्यातून उडालं. ज्वारीच्या दाण्याएवढं चाक. मी फरशीवर हातापायांवर आले, टेबलाखाली गेले, सोफ्याखाली गेले. नवरा आंघोळीला गेलेला. मोठेबाबांना वाकायची मनाई, ते खुर्चीत बसूनच शोधत होते. थोड्या वेळानं त्यांच्या काठीचा टक्‌ टक्‌ आवाज यायला लागला. मी वर पाहिलं तर ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि काठीचं टोक फरशीच्या एका सांध्यावर आपटत होते. चाक त्याच सांध्यात होतं. मी ते उचललं. आभार मानायला घरात तिसरं माणूस नव्हतं, म्हणून मी चहा ठेवला.

खरी लढाई रंगांवरून झाली. लढाऊ विमान वरून पाहणाऱ्याला दिसू नये म्हणून त्याची पाठ खालच्या जमिनीच्या रंगाची रंगवतात. खोक्यातल्या कागदावर विलायतेच्या कुरणांचे हिरवे-तपकिरी रंग दिले होते. आमचं विमान वर्ध्याच्या शेतांवरून उडणार, त्याला ते काय कामाचे? मी काळ्या मातीसाठी गडद तपकिरी रंग मिसळला आणि प्लास्टिकच्या एका चमच्यावर लावून वाळवला. रंग तपासायची ही आम्हा विमानवाल्यांची पद्धत. मोठेबाबांनी काळा चष्मा काढला, ऑपरेशन झालेला डोळा झाकून चमचा पाहिला, मान हलवली. मग दुसरा डोळा झाकून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

नव्या डोळ्यानं पाहिलं की चमचा निळसर दिसत होता. जुन्या डोळ्यानं पाहिलं की चहासारखा. त्यांनी मग घरातली एकेक वस्तू अशी पाहायला सुरुवात केली. पांढरी भिंत एका डोळ्याला पांढरी, दुसऱ्याला हळद लागल्यासारखी. नवऱ्याचा शर्ट एका डोळ्याला निळा, दुसऱ्याला हिरवा. इतकी वर्षं मला कोणीच कसं सांगितलं नाही, असं त्यांनी भावाला विचारलं. भाऊ म्हणाला की मोतीबिंदू तुम्हाला झाला होता, आम्हाला नाही.

चमचे वाढत गेले. मी म्हणायचे माती तपकिरी, ते म्हणायचे काळी म्हणजे काळी, आणि त्यांचे दोन डोळे एकमेकांचं ऐकत नव्हते. वैतागून नवरा म्हणाला की तुम्ही दोघांनीही आपली जमीन वरून पाहिलेलीच नाही, इथे बसून काय भांडता. बोलून तो फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्याच्या गाडीतून तळेगावकडे निघालो. महामार्गावर तिथे घाट आहे आणि घाटातून खालची शेतं दिसतात. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हटलं होतं, म्हणून गाडीच्या काचा बंद, मोठेबाबांच्या डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर माझ्या शाळेच्या दिवसांतला स्कार्फ. मांडीवर त्यांनी चमच्यांचा डबा धरला होता.

घाटात एका वळणाशी गाडी उभी करून आम्ही कठड्याजवळ गेलो. खाली तुरीची शेतं होती, फुटलेल्या कापसाची शेतं होती, सोयाबीन निघून रिकामी झालेली, नुकती वखरलेली जमीन होती. मला धक्काच बसला. हिरवं इतकं हिरवं नव्हतं आणि काळं मुळीच काळं नव्हतं. हवेतल्या धुरकटपणामुळे सगळ्यावर राखेचा हात फिरवल्यासारखा होता. वखरलेली माती धूळ बसलेल्या जांभळाच्या सालीसारखी दिसत होती. कापसाचं शेत पांढरं नव्हे, फिकट आणि खरबरीत. आम्ही दोघंही चुकलो होतो आणि नवरा, जो बरोबर ठरला होता, तो अलीकडच्या टपरीवर चहा सांगायला गेला होता.

मी डब्यातून एकेक चमचा काढून दरीसमोर धरायला लागले. मोठेबाबांनी चष्मा काढला. एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी टपरीकडे पाहिलं. नवरा तिथल्या माणसाशी गप्पा मारत होता, चहा अजून उकळतच होता. त्यांनी घसा खाकरला. परत टपरीकडे पाहिलं. मी चमचा धरून हात दुखेपर्यंत उभी होते.

"हा नाई, बाई," ते म्हणाले. "तो तिसरा दाखवा."

मी तिसरा चमचा काढला. तो दरीसमोर धरला. शाळेतली मराठी आपोआप बाजूला राहिली. मी विचारलं, "कोनत्या डोयानं पाहून राह्यले, मोठेबाबा?"

"नव्या." ते जरा थांबले. "जुन्यानं पाह्यलं तर चवथा बरा वाटते. दोन्ही डोये माह्येच हायेत, खोटं कोनाले म्हनू?"

मग आम्ही ठरवलं की तिसरा आणि चौथा सम प्रमाणात मिसळायचे. नवरा चहाचे तीन ग्लास घेऊन आला तोवर आम्ही तुरीच्या हिरव्यावर आलो होतो. तो थोडा वेळ ग्लास धरून तसाच उभा राहिला. त्याचं टपालखातं त्या दिवशी बंद पडलं, आणि परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून आम्ही दोघं इतकं बोललो की त्यानं रेडिओ लावला.

विमान पुढच्या पंधरवड्यात पूर्ण झालं. पाठीवर जांभळट माती आणि राखाडी हिरवे पट्टे, पोट हिवाळ्यातल्या आभाळाचं. पंखांवरच्या चिन्हासाठी मी बाहेर भगवं आणि आत पांढरं असं वर्तुळ काढलं होतं. ते पाहून मोठेबाबा म्हणाले, हे तर आडवं कापलेलं संत्रं. मी रागवायच्या बेतात होते, पण मग वाटलं, नागपूरच्या राज्याला ह्याहून चांगलं चिन्ह कुठून मिळणार? मी सुईनं आतल्या पांढऱ्यात फोडींच्या रेघा ओढल्या. भिंग लावून वैमानिकाच्या काचेखाली सासऱ्यांचं नाव लिहिलं. ह्या वेळी काचेवर अंगठा उठला नाही. वैमानिकाची मान मात्र मी मुद्दाम जरा वर वळवून चिकटवली.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आता त्यांचे दोन्ही डोळे एकच रंग सांगतात. त्याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. घरी निघताना त्यांनी विमान मागितलं नाही, पण त्याच्यासमोर इतका वेळ उभे राहिले की मी ते मिठाईच्या खोक्यात कापूस घालून त्यांच्या हातात दिलं.

संक्रांतीला आम्ही रोहण्याला गेलो. विमान टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात, देवाच्या फोटोच्या एक पायरी खाली बसलं होतं. आम्ही तिळगूळ घेतोय तोच शेजारचे एक गृहस्थ आले, त्यांच्यामागे आणखी दोघं, मग बाया. पहिल्या गृहस्थांनी मला अदबीनं विचारलं, "मॅडम, आपल्या गायरानात खरंच विमानतळ होतं का जी?"

मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते अंगणात संत्री निवडत होते, मान वर न करता. गावात अर्ध्या लोकांना आता माहीत होतं की राजाच्या काळी रोहण्याहून विमानं उडत, आणि ह्या घरातला बुढा त्यातलं एक चालवायचा. गायरानावर कुणीतरी अतिक्रमण केलं होतं. विमानतळाची सरकारी जागा म्हणून ते काढता येईल का, असा ह्या गृहस्थांचा विचार चालला होता. तो त्यांनी ग्रामसभेत मांडायचं ठरवलं होतं. उभ्या आयुष्यात मी मुलांच्या उत्तरपत्रिकांतल्या चुका लाल शाईनं खोडल्या आणि आता एका अख्ख्या गावाच्या इतिहासात माझ्याच हातची चूक घुसली होती.

मी मोठेबाबांना विचारलं की तुम्ही लोकांना हे काय सांगितलं.

"मी खोटं नाई सांगितलं, बाई," ते शांतपणे म्हणाले. "मी 'असतं तर' म्हटलं होतं. लोकं 'तर' आयकतच नाईत."

तेव्हा मी अंगणात उभी राहिले आणि शिकवलं. दुसरा इलाज नव्हता. राजाला मूल नव्हतं इथून सुरुवात केली, दत्तक कसा नाकारला, राज्य कसं खालसा झालं, राजवाड्यातले हत्ती-घोडे आणि राण्यांचे दागिने कसे लिलावात निघाले, सगळं सांगितलं. आणि ह्या सगळ्यात विमान कुठेही नव्हतं, ते मी वर्ध्यात जेवणाच्या टेबलावर बनवलं, हेही सांगितलं. माझ्या कुठल्याही वर्गानं मला असं ऐकलं नव्हतं. दागिन्यांच्या लिलावापाशी आल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं कपाळाला हात लावला आणि मग त्या राण्यांचं काय झालं, असं विचारलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. बाई खवळल्या. इंग्रजांनी असं करायला नको होतं, असं त्यांनी मला सुनावलं, जणू मी इंग्रजांची वकील होते.

विमानतळाचा ठराव बारगळला. ते गृहस्थ जरा हिरमुसले, पण अतिक्रमण काढायला खरा नकाशा पुरेल हे त्यांना पटलं. जाताना त्यांनी कपाटातलं विमान पुन्हा एकदा पाहून घेतलं आणि नसलं तरी असायला पाहिजे होतं, असं म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आता मोठेबाबांचा फोन दर चार-दोन दिवसांनी येतो, माझ्या मोबाइलवर. नवऱ्याची चौकशी ते माझ्याकडे करतात. परवा त्यांनी बागेचं, हवेचं, गुडघ्याचं सगळं सांगून झाल्यावर मुद्द्याची गोष्ट काढली.

"कपाटात ते एकटं बरं नाई दिसत, बाई. बैलालेही जोडी लागते."

मी म्हटलं, दुसरं विमान चालवणार कोण? त्यांनी ह्याचाही विचार करून ठेवला होता. माझी सासू. ती आकाशपाळण्यात बसायची, त्यांनी सांगितलं, आणि खाली डोळे मिटून उभ्या असलेल्या नवऱ्याला वरून हाका मारायची. मी त्याच संध्याकाळी खोका मागवला.